एनएसयू: नेकारसुल्मच्या कारखान्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या जर्मन गाड्यांवर लिहायला लागल्यापासून सर्वांत जास्त प्रश्न येतात ते एनएसयूबद्दल. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी सगळ्यांना ठाऊक असतात. एनएसयूचं नाव मात्र कुठेतरी ओझरतं वाचलेलं असतं आणि मग उत्सुकता थांबू देत नाही. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखाद्या प्रश्नाचा धागा दुसऱ्या उत्तरात असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

1. एनएसयू म्हणजे नेमकी कोणती कंपनी?

दक्षिण जर्मनीत, श्टुटगार्टच्या उत्तरेला, नेकार नदीकाठी नेकारसुल्म नावाचं छोटं गाव आहे. त्या गावाच्या नावातली तीन अक्षरं म्हणजे एनएसयू. सायकली, मोटरसायकली, मोपेड आणि मोटारगाड्या असं सगळं या कारखान्याने बनवलं. 1955च्या सुमारास ती जगातली सर्वांत मोठी दुचाकी उत्पादक कंपनी होती. 1969 साली ती फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली आणि 1977 नंतर एनएसयू नावाची एकही गाडी बाहेर पडली नाही.

2. सुरुवात विणकामाच्या यंत्रांपासून झाली, हे खरं आहे का?

हो. क्रिस्टियान श्मिट आणि हाइनरिश श्टोल या दोघांनी 1873 साली डॅन्यूबकाठच्या रीडलिंगेन गावात विणकाम यंत्रांची कार्यशाळा काढली. 1880 साली श्मिट ती नेकारसुल्मला घेऊन आला. 1884 साली, चाळिशीही न गाठता तो वारला आणि धुरा त्याचा मेहुणा गॉटलोब बांट्सहाफ याच्याकडे आली.

सायकलींची लाट ओळखली ती बांट्सहाफनेच. 1886 पासून तिथे उंच चाकाच्या सायकली बनू लागल्या आणि पुढे काही वर्षांत विणकामाची यंत्रं मागे पडली. बारीक सुया, दांते, कॅम यांवर बसलेला कारागिरांचा हात सायकलीच्या कामाला थेट उपयोगी पडला. तो इतका भरवशाचा होता की गॉटलीब डाइम्लरने 1889च्या पॅरिस प्रदर्शनासाठी जी पोलादी चाकांची मोटारगाडी तयार केली, तिचा सांगाडा नेकारसुल्ममध्ये बनवून घेतला. गाडीच्या इतिहासातल्या अगदी पहिल्या पानावर या गावाचं काम आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत असतं.

3. पहिली मोटरसायकल आणि पहिली मोटारगाडी कधी आली?

मोटरसायकल 1901 साली. सायकलीची मजबूत चौकट आणि तिला झेडेल या स्विस कंपनीचं छोटं इंजिन, असं तिचं रूप होतं. थोड्याच काळात इंजिनंही घरीच बनू लागली. मोटारगाड्या 1905च्या सुमारास सुरू झाल्या. आधी बेल्जियमच्या पीप कंपनीच्या परवान्यावर, आणि 1906 पासून स्वतःच्या आराखड्याच्या.

4. ‘एनएसयू-फियाट’ असं नाव दिसतं. ती गाडी कोणाची धरायची?

फियाटची. 1920च्या दशकात कंपनी आर्थिक अडचणीत सापडली आणि दशकाच्या शेवटी हाइलब्रॉन इथला मोटारींचा कारखाना फियाटला विकावा लागला. सौद्यात नावाचा हक्कही गेला. त्यामुळे पुढची कैक वर्षं हाइलब्रॉनमधून ‘एनएसयू-फियाट’ बाहेर पडत होत्या आणि शेजारच्या नेकारसुल्ममधली मूळ कंपनी फक्त दुचाकी बनवत होती.

1950च्या दशकाअखेर एनएसयू पुन्हा गाड्यांकडे वळली तेव्हा या नावावरून वाद झाला. शेवटी फियाटने आपल्या जर्मन गाड्यांना ‘नेकार’ हे नाव दिलं. विक्रीच्या जाहिरातीत ‘एनएसयू-फियाट’ दिसली की ती नेकारसुल्मची गाडी आहे असं समजून पैसे देऊ नका.

5. फोक्सवॅगनच्या बीटलचा जन्म एनएसयूत झाला असं म्हणतात. कितपत खरं?

जन्म झाला असं म्हणणं जास्त होईल. फर्डिनांड पोर्श यांनी 1933-34 मध्ये एनएसयूसाठी एक छोटी गाडी आखली, टाइप 32. मागे बसवलेलं चार सिलिंडरचं हवेने थंड होणारं बॉक्सर इंजिन (सिलिंडर आडवे, समोरासमोर), टॉर्शन बारचं, म्हणजे पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्यांचं सस्पेन्शन आणि गोलसर पाठ. पुढच्या बीटलची बहुतेक लक्षणं तिच्यात आहेत. तीन नमुने तयार झाले, पण फियाटशी झालेल्या करारात (प्रश्न 4) गाड्या न बनवण्याची अट होती, म्हणून काम तिथेच थांबलं. त्याआधी पोर्श यांनी झुंडाप या मोटरसायकल कंपनीसाठीही अशीच एक गाडी आखली होती, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या एनएसयूला देता येत नाही.

6. युद्धपटांत पुढून मोटरसायकल आणि मागून रणगाड्यासारखे पट्टे असलेलं वाहन दिसतं. ते यांचंच का?

हो, त्याला केटेनक्राड म्हणतात. इंजिन ओपेलच्या मोटारीचं, दीड लिटरचं. हँडल थोडं वळवलं तर फक्त पुढचं चाक वळायचं. आणखी वळवलं की आतल्या बाजूच्या पट्ट्याला ब्रेक लागून सगळं वाहन फिरायचं. हिटलरच्या सैन्यासाठी अशी आठ हजारांहून जास्त वाहनं बनली आणि रशियाच्या चिखलात त्यांचा पुष्कळ वापर झाला. युद्ध संपल्यावर तेच वाहन काही वर्षं शेती आणि जंगलातल्या कामांसाठी बनत राहिलं, कारण बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झालेल्या कारखान्याला दुसरं पटकन विकता येईल असं काही हाताशी नव्हतं.

7. मोटरसायकलींत त्यांची सर्वांत मोठी कामगिरी कोणती?

माझं उत्तर मॅक्स हेच आहे. युद्धानंतर आल्बेर्ट रोडर या अभियंत्याने आधी 1949 साली 98 सीसीची फॉक्स आणली. नळ्या जोडून चौकट करायची जुनी पद्धत सोडून दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याची चौकट वापरली. त्यामुळे खर्च उतरला आणि उत्पादनाचा वेग वाढला. 1952 साली त्याच विचारातून 247 सीसीची मॅक्स आली. 17 हॉर्सपॉवर, चार स्ट्रोक. त्या काळातल्या अडीचशे सीसीच्या रोजच्या वापरातल्या गाडीसाठी हा आकडा मोठा होता.

मॅक्सच्या इंजिनात डोकावण्यासारखी गोष्ट म्हणजे झडपांची उघडझाप करणाऱ्या वरच्या कॅमशाफ्टला फिरवण्याची तऱ्हा. इतर कंपन्या त्यासाठी साखळी वापरायच्या किंवा उभा दांडा आणि तिरप्या दात्यांची चाकं. रोडरने दोन लांब दांडे घेतले. दोघांच्याही दोन्ही टोकांना मोठी कडी, खालची कडी क्रँककडून फिरणाऱ्या विकेंद्री चकत्यांवर आणि वरची कॅमशाफ्टवरच्या तशाच चकत्यांवर. खालची चकती फिरली की दांडे आळीपाळीने ढकलतात, ओढतात, आणि वरचा शाफ्ट फिरतो. साखळीची खडखड नाही, ताण देण्याची कटकट नाही. सिलिंडरचं झाकण काढून ही रचना हाताने फिरवून पाहिली की रोडरच्या बुद्धीला दाद द्यावीच लागते.

संख्येने पाहायचं तर क्विकली. 1953 साली आलेली पॅडलवाली मोपेड, लूना वापरलेल्यांना ती लगेच ओळखीची वाटेल. फरक इतकाच की हिचं इंजिन मागच्या चाकाला गिअर बदलून ताकद द्यायचं. दहा लाखांहून जास्त क्विकली बनल्या. युद्धानंतरच्या जर्मनीत कामाला चालत किंवा सायकलीने जाणाऱ्या माणसाला परवडलेलं ते पहिलं इंजिन होतं. 1955 साली कारखान्यातून एका वर्षात तीन लाखांहून अधिक दुचाकी बाहेर पडल्या.

8. रेसिंगमध्ये काय केलं? होंडाने यांच्यावरून धडा घेतला असं वाचलं होतं.

1953 आणि 1954 ही दोन वर्षं छोट्या वर्गांत एनएसयूची होती. वेर्नर हासने 1953 मध्ये 125 आणि 250 सीसी ही दोन्ही विश्वविजेतेपदं मिळवली. 1954 मध्ये 250चं पुन्हा त्याचं, आणि 125चं ऑस्ट्रियाच्या रुपर्ट होलाउसचं. होलाउसचं विजेतेपद पक्कं झालं होतं, पण सप्टेंबरमध्ये मॉन्झा इथे सरावात त्याचा अपघाती मृत्यू झाला. मरणोत्तर विश्वविजेता ठरलेला तो मोटरसायकल शर्यतींतला पहिला स्वार. त्या वर्षाअखेर कारखान्याने शर्यतींतून अंग काढून घेतलं. तरी 1955 साली हान्स पेटर म्युलरने मॅक्सवरून बेतलेल्या स्पोर्टमॅक्सवर खासगी स्पर्धक म्हणून 250चं विजेतेपद जिंकलं.

होंडाची गोष्ट खरी आहे. 1954च्या जूनमध्ये सोइचिरो होंडा आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यती पाहायला गेले होते. 250च्या शर्यतीत पहिले चारही क्रमांक एनएसयूचे आले. आपली इंजिनं कुठे आहेत आणि यांची कुठे, हे त्यांना तिथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. 1959 साली होंडा त्याच बेटावर स्पर्धेत उतरली.

वेगाचे विक्रम हा वेगळाच अध्याय. ऑगस्ट 1956 मध्ये अमेरिकेत बॉनेव्हिलच्या मिठागरावर विल्हेल्म हेर्त्सने सुपरचार्जर लावलेल्या 500 सीसी एनएसयूवर ताशी सुमारे 338 किमी वेग गाठला. ताशी 200 मैलांच्या पुढे गेलेली ती पहिली मोटरसायकल.

9. लॅम्ब्रेटा तर इटलीची, आणि आपल्या मुंबईतही बनायची. मग एनएसयू लॅम्ब्रेटा कशी?

मुंबईची आणि नेकारसुल्मची, दोन्ही परवान्यावरच्या. मूळ मिलानची इनोसेंटी कंपनी. तिच्याकडून एनएसयूने 1950 साली परवाना घेतला. मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियानेही त्याच इनोसेंटीकडून घेतला. म्हणजे आपल्या आजोबांची लॅम्ब्रेटा आणि जर्मन लॅम्ब्रेटा एकाच आईच्या, पण एकमेकींशी थेट व्यवहार नाही. करार संपल्यावर एनएसयूने प्रिमा नावाची आपली स्कूटर आणली.

10. इतका खप असताना मोटरसायकली सोडल्या का?

खप टिकलाच नाही म्हणून. 1950च्या दशकाच्या मध्यानंतर जर्मन माणसाच्या हातात पैसा आला आणि त्याला डोक्यावर छप्पर हवं झालं. मोटरसायकलींची मागणी कोसळली, अनेक जुनी नावं मिटली. एनएसयूने 1957च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात प्रिन्झ ही छोटी मोटार मांडली. मागे बसवलेलं दोन सिलिंडरचं 583 सीसी इंजिन, 20 हॉर्सपॉवर. त्यातला कॅमशाफ्ट मॅक्ससारखाच दांड्यांनी फिरायचा (प्रश्न 7), म्हणजे मोटरसायकलीचं डोकं मोटारीत गेलं. 1961 साली चौकोनी वळणाची प्रिन्झ 4 आली, पुढे चार सिलिंडरच्या गाड्या आणि त्यांतल्या टीटी व टीटीएस. डोंगरी शर्यतींत या चिमुकल्या गाड्यांनी मोठमोठ्यांना मागे टाकलं. इटलीत हिरवी प्रिन्झ दिसणं अपशकुन मानायचे. इतकी ती तिथल्या रस्त्यांवर रुळली होती.

मोटरसायकलींचं उत्पादन 1960च्या दशकात टप्प्याटप्प्याने थांबलं.

11. वांकेल इंजिन चालतं कसं? शोध वांकेलचा की एनएसयूचा?

कमरेत किंचित दबलेल्या अंडाकृती पोकळीत फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो. त्याची तिन्ही टोकं सतत भिंतीला टेकलेली असतात, त्यामुळे तीन कप्पे तयार होतात. फिरताना प्रत्येक कप्पा मोठा-लहान होत जातो आणि मिश्रण ओढणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं ही चारही कामं एका फेरीत उरकतात. रोटर एकदा फिरतो तोवर मधला शाफ्ट तीनदा फिरतो. वरखाली होणारा पिस्टन नाही, झडपा नाहीत, म्हणून थरथर जवळजवळ नाही.

मूळ कल्पना फेलिक्स वांकेलची. एनएसयूशी त्याचा करार 1951 साली झाला आणि 1 फेब्रुवारी 1957 रोजी पहिलं इंजिन चाचणी-बाकावर फिरलं. पण त्यात रोटर आणि बाहेरचं कवच दोन्ही फिरायचे. स्पार्क प्लग बदलायचा तर इंजिन उघडावं लागे. कवच स्थिर ठेवून वापरण्याजोगी रचना केली ती एनएसयूच्या हान्स डीटर पाश्के याने, वाल्टर फ्रोएडेच्या हाताखाली. वांकेलला ती आवडली नाही. माझ्या शर्यतीच्या घोड्याचा तुम्ही नांगराचा घोडा केलात, असं तो म्हणाल्याचं सांगतात. आज जगात जे ‘वांकेल’ म्हणून ओळखलं जातं ते पाश्केचं रूप आहे, आणि त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या इंजिनाची विकत मिळणारी पहिली गाडी 1964ची वांकेल स्पायडर. एक रोटर, 50 हॉर्सपॉवर, अडीच हजारांहून कमी गाड्या.

12. रो 80 इतकी नावाजली गेली, मग बिघडलं कुठे?

आधी नावाजली का ते. रो 80 म्हणजे एनएसयूची वांकेल इंजिनाची मोठी गाडी. 1967 साली ती आली तेव्हा रस्त्यावरच्या इतर गाड्या तिच्यापुढे जुन्या वाटल्या. क्लाउस लूथेने आखलेला उतरत्या नाकाचा, उंच शेपटीचा आकार, मोठ्या काचा, चारही चाकांना डिस्क ब्रेक, पुढच्या चाकांना ताकद, दोन रोटरचं 115 हॉर्सपॉवरचं इंजिन. 1968ची युरोपातली ‘कार ऑफ द इयर’ तीच, आणि हा मान मिळालेली ती पहिली जर्मन गाडी. क्लचचं पॅडल नाहीच. गिअरच्या दांड्याच्या मुठीत एक छोटा स्विच असतो. हात ठेवला की तो दबतो, व्हॅक्यूमवर चालणारी यंत्रणा क्लच सोडवते, गिअर बदलून हात उचलला की क्लच पुन्हा धरतो. ज्याला सवयीने मुठीवर हात ठेवून गाडी चालवायची खोड असे, त्याची पंचाईत होई.

बिघडलं ते रोटरच्या टोकांवर. प्रत्येक टोकाला भिंतीशी घासत जाणारी एक पट्टी असते, कप्पे एकमेकांपासून बंद ठेवण्यासाठी. रो 80च्या सुरुवातीच्या इंजिनांत ती तीन तुकड्यांची होती आणि तिन्ही तुकडे एकाच धातूचे. थंड इंजिन सुरू करताना मधला तुकडा लवकर झिजायचा. तो झिजला की कडेचे दोन सैल व्हायचे आणि जळते वायू त्या फटीतून निसटायचे. गाडी सुरू व्हायला त्रास, ताकद कमी, धूर. कित्येकांची इंजिनं 50,000 किमीच्या आतच गेली. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्यांना सर्वांत जास्त त्रास झाला, कारण त्यांचं इंजिन पुरतं तापायचंच नाही. मधला तुकडा फेरोटिक या वेगळ्या मिश्रणाचा केल्यावर हा दोष गेला.

तोवर एनएसयूने हमीखाली मुकाट्याने इंजिनं बदलून दिली होती. समोरून दुसरी रो 80 आली की चालक आपलं कितवं इंजिन ते बोटांनी दाखवायचे, अशी आख्यायिका आहे. ब्रिटनमध्ये काहींनी कंटाळून त्यात फोर्डचं व्ही4 पिस्टन इंजिन बसवलं. गाडीचा सगळा गोडवा त्या मऊ फिरणाऱ्या इंजिनात होता, तो अशा गाड्यांतून गेला. त्यातच 1973चं तेलसंकट आलं आणि 100 किमीला 15 लिटरच्या घरात पेट्रोल पिणारी गाडी नकोशी झाली. 1977 पर्यंत सुमारे 37,000 गाड्या बनल्या.

13. रो 80चं इंजिन 995 सीसीचं की दोन लिटरचं?

मोजण्याच्या पद्धतीवर आहे. एका रोटरच्या एका कप्प्याचं आकारमान 497.5 सीसी, दोन रोटर म्हणून 995. कागदोपत्री हेच लिहितात. पण शाफ्टच्या दोन फेऱ्यांत हे इंजिन जितकं मिश्रण ओढतं तितकं ओढायला चार स्ट्रोकचं पिस्टन इंजिन साधारण दोन लिटरचं लागेल. म्हणून शर्यतींचे नियम करणाऱ्यांनी रोटरीला, म्हणजे वांकेल इंजिनाला, गुणक लावला. तुलना करायची असेल तर दोन लिटरच्या गाड्यांशी करा.

14. म्हणजे वांकेलमुळेच एनएसयू बुडाली?

सगळीकडे हेच लिहिलेलं असतं, आणि मला ते पटत नाही. दोष दुरुस्त होण्याजोगा होता आणि दुरुस्त झालाही. कमी पडला तो पैसा आणि वेळ. प्रिन्झवर मिळणारा नफा थोडका. त्यातून नवं इंजिन, पूर्ण नवी मोठी गाडी आणि तिच्या पाठोपाठ आणखी एक गाडी (प्रश्न 15) एकदम उभी करायची होती. फोक्सवॅगन किंवा ओपेलच्या आकाराच्या कंपनीने हमीचा तो खर्च सोसला असता. एनएसयूपाशी तेवढा साठा नव्हता, आणि पुरेशा चाचण्यांशिवाय गाडी बाजारात आणण्याची घाईही त्याच चणचणीतून आली.

15. के 70 एनएसयूची की फोक्सवॅगनची?

आखणी एनएसयूची, बिल्ला फोक्सवॅगनचा. साध्या पिस्टन इंजिनाची, पुढच्या चाकांना ताकद देणारी ही गाडी मार्च 1969च्या जिनिव्हा प्रदर्शनात मांडायची होती. नेमकं त्याच महिन्यात विलीनीकरण ठरलं आणि गाडी प्रदर्शनातून मागे घेतली. 1970 साली ती फोक्सवॅगन के 70 म्हणून आली. पाण्याने थंड होणारं इंजिन पुढे असलेली फोक्सवॅगनची ती पहिली मोटार.

16. ऑडीच्या चार कड्यांपैकी एक एनएसयूची का?

नाही. त्या कड्या 1932 साली एकत्र आलेल्या ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्श आणि वांडरर यांच्या. एनएसयू 1969 साली आली, तोवर चिन्ह ठरून गेलं होतं. विलीन झालेल्या कंपनीचं नाव ‘ऑडी एनएसयू ऑटो युनियन’ होतं. 1985 साली ते नुसतं ‘ऑडी’ झालं आणि मुख्यालय नेकारसुल्महून इंगोलश्टाटला गेलं.

17. रोटरी माझदाने जगभर नेलं. मग एनएसयूच्या पदरात काय पडलं?

परवान्यांचे पैसे. माझदाने 1961 साली परवाना घेतला. त्यांच्याकडेही टोकांच्या पट्ट्या भिंतीवर ओरखडे काढायच्या, त्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोतो आणि त्याच्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं खपून त्यावर तोडगा काढला. 1991 साली ल मान्सची 24 तासांची शर्यत रोटरी माझदाने जिंकली. 1969च्या विलीनीकरणात एनएसयूच्या भागधारकांना परवान्यांच्या उत्पन्नातला वाटा म्हणून वेगळी प्रमाणपत्रं दिली गेली होती, कारण तेव्हा हेच सोनं आहे असं सर्वांना वाटत होतं.

18. कारखाना आज चालू आहे का?

चालू आहे, आणि तो वाचला कामगारांमुळे. 1970च्या दशकाच्या मध्याला फोक्सवॅगन तोट्यात गेली आणि नेकारसुल्म बंद करण्याची चर्चा सुरू झाली. 18 एप्रिल 1975 रोजी हजारो कामगार नेकारसुल्महून हाइलब्रॉनपर्यंत मोर्चाने चालत गेले. नोकऱ्या पुष्कळ गेल्या, पण दरवाजे उघडे राहिले. पोर्श 924ची जुळणी तिथे आली, मग ऑडीची कामं वाढली. ॲल्युमिनियमच्या बांध्याची ए8 आणि ए6 तिथल्याच. ए6ची जुळणी आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीतही होते.

19. नेटवर ‘एनएसयू’ शोधलं की दहशतवादी गटाच्या बातम्या येतात. काही संबंध?

काडीचाही नाही. ती जर्मनीतल्या एका नवनाझी गटाच्या नावाची आद्याक्षरं. म्युनिकमधला त्यांचा खटला 2013 ते 2018 चालला. शोधताना ‘नेकारसुल्म’ किंवा गाडीचं नाव जोडा.

20. या गाड्या प्रत्यक्ष कुठे पाहता येतील?

नेकारसुल्ममध्येच. गावातल्या जुन्या गढीत जर्मन दुचाकी आणि एनएसयू संग्रहालय आहे, 1956 पासूनचं. सायकली, मॅक्स, शर्यतीच्या गाड्या, विक्रमी गाड्या सगळं एका छताखाली. पोर्शची टाइप 32 (प्रश्न 5) बघायची असेल तर मात्र वोल्फ्सबुर्गला फोक्सवॅगनच्या संग्रहालयात जावं लागेल. श्टुटगार्टला मर्सिडीज आणि पोर्शची संग्रहालयं बघायला जाणारे मराठी प्रवासी आता पुष्कळ असतात. तिथून नेकारसुल्मला थेट लोकल गाड्या आहेत, अर्धा दिवस काढा.